न थांबलेली बस

या घरात काही ठरवायचं असलं की सगळे जाऊन बसमध्ये बसत.

पुढच्या खोलीत चार माणसं बसली की पाचव्याला दारात उभं राहावं लागे, आणि दारातला माणूस हमखास अर्ध्या भांडणातून निघून जाई. म्हणून आप्पांनी एकदा सगळ्यांना अंगणात उभ्या असलेल्या गाडीत नेऊन बसवलं आणि दाराचा खटका ओढला. "आता उतरायचं ते ठरल्यावरच." तेव्हापासून वाटण्या, आजारपणं, ताईने लग्न न करायचं ठरवलं ते, सगळं याच सीटांवर निकालात निघालं होतं. धाकटीला सून म्हणून पसंत केलं तेही इथेच. तिला हे लग्नानंतर कळलं, तेव्हा तिने फक्त विचारलं होतं, "दार बंद करून?"

आज ती सगळ्यात मागच्या लांब सीटवर बसली होती. मांडीवर चिमी झोपली होती. पोरीचा ताप उतरून दोन दिवस झाले होते, तरी धाकटीचा हात दर थोड्या वेळाने तिच्या मानेखाली जात होता. समोरच्या सीटच्या पाठीचा पत्रा एका कोपऱ्यात उचकटलेला होता. तिने त्यावर आपली ओढणी दुमडून ठेवली आणि मगच नीट टेकून बसली.

आप्पा दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटवर, थोरला ड्रायव्हरच्या जागी आडवा वळून, आणि त्याच्या मागच्याच बाकावर धाकटा. ताई मधोमध, खिडकीशी. थोरली जाऊ माहेरी गेली होती. जाताना म्हणाली होती, "तुमचं काय ठरेल ते ठरू दे. माझी सीट उगाच अडवून ठेवू नका."

"मी इथे ऑफिसची म्हणून आलेली नाही," ताईने बसता बसताच सांगून टाकलं.

"मग फाईल कशाला आणलीस?" थोरला म्हणाला.

"डबा आहे तो, दादा."

"तुमचं काही सांगता येत नाही. डब्यातूनसुद्धा नियम काढाल."

धाकटा हसला. आप्पा हसले नाहीत.

प्रश्न परवान्यांचा होता. उद्या संध्याकाळपर्यंत आप्पांनी दोन्ही बसचे परवाने ताई नोकरी करत होती त्या परिवहन कार्यालयाला परत करायचे आणि मार्गावरच्या बाकीच्या मालकांबरोबर एका कंपनीत सामील व्हायचं. नाहीतर तसं कळवायचं आणि परवान्याची मुदत संपेपर्यंत शहराबाहेरच्या रस्त्यावर जुन्याच पद्धतीने गाडी चालवायची. महिनाभर नव्या पद्धतीची चाचणी झाली होती. तिकिटाचे पैसे कार्यालयाकडे जात. मालकाला पैसे मिळत ते गाडी किती किलोमीटर धावली आणि ठरल्या वेळी धावली का, एवढ्यावरच. आत माणसं किती होती हे मालकाला कुणी विचारत नव्हतं.

"मला एकच सांगा," आप्पा म्हणाले. "महिन्याभरात मी एकदा तरी खुर्चीवर जाऊन बसलो का?"

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून आप्पा औषधाच्या दुकानासमोर खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला बोटं दाखवत. पुढची गाडी जाऊन किती वेळ झाला, ते त्या बोटांवरून कळे. बोटं कमी, तर पुढचा जवळच आहे, पळव आणि गाठ. बोटं जास्त, तर सावकाश जा, पुढच्या थांब्यावर माणसं साचली असतील. मार्गावरचे सगळे ड्रायव्हर त्यांच्या बोटांकडे बघून पाय दाबत. त्यांचे स्वतःचे दोन मुलगेसुद्धा.

"आता कुणाला कुणाच्या पुढे जायचंच नाही ना, आप्पा," ताई म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. ज्याला पुढे जायचं नाही, तो गाडी हाकणार कसली? ढकलणार."

"तुम्ही दोघांना पुढे जायला लावत होतात! एकाच घरच्या दोन गाड्या. डिझेल तुमच्या खिशातलं, टायर तुमच्या खिशातले, आणि हे दोघं एकमेकांच्या तोंडातून माणसं ओढून आणणार. कशासाठी? ज्याच्या गाडीचा गल्ला त्याचा वाटा म्हणून."

"वाटा ठेवला नसता तर सकाळी उठले असते का हे?"

"मी उठलो असतो," धाकटा म्हणाला.

"तू? तुझ्या बायकोला विचार."

आप्पांच्या तोंडाची रेघ जराशी सैल झाली. ताईने तेवढ्या सैलपणाचा फायदा घेतला आणि उठून त्यांच्या जवळच्या बाकावर जाऊन बसली. या घरात जागा बदलणं म्हणजे बाजू बदलणं असे. सगळ्यांनी ते पाहिलं.

आप्पांच्या शेजारून ताईला गाडीची सगळी लांबी दिसत होती. तिने ज्या नियमांवर एवढी वर्षं काम केलं होतं ते तिला ऑफिसात सुचले नव्हते, याच गाडीत सुचले होते. लहान असताना ती शाळेतून याच गाडीने यायची. गणवेशातली मुलं थांब्यावर दिसली की आप्पा वेग वाढवत, कारण अर्धं तिकीट. तिच्यासाठी मात्र थांबत. ती एकटी चढे, आणि काचेतून मैत्रिणी लहान होत गेलेल्या बघे. तिघी-चौघी, पाठीवर दप्तरं. गाडी त्यांच्यासाठी का थांबली नाही याचं उत्तर तिला फार लवकर कळलं होतं. आप्पा वाईट नव्हते. आप्पांना पैसे ज्याचे मिळत होते तेवढंच आप्पांना दिसत होतं. पैसे देण्याची पद्धत बदलली की माणूस वेगळं बघू लागेल, असं तिला तेव्हापासून वाटत आलं होतं.

"आप्पा, चाचणी सुरू झाल्यापासून भर दुपारी गाड्या मिळतात," ती म्हणाली. "आधी स्टँडवर गाडी भरेपर्यंत माणसं आत शिजत बसायची. आता त्याच रस्त्यावर गाड्या कमी लागतात आणि तरी लोकांना ताटकळावं लागत नाही."

"आणि ब्रेकचे लायनर," धाकटा म्हणाला. "महिनाभर हात लावावा लागला नाही."

"तू तिकडचाच," थोरला म्हणाला.

"मी कुठलाच नाही, दादा. मला फक्त घरी आल्यावर जेवता येतं."

हे खरं होतं, आणि ते बोलायला धाकट्याला किती जड गेलं असेल हे मागे बसलेल्या धाकटीलाच ठाऊक होतं. चाचणी सुरू होण्याआधी, पुलाजवळच्या वळणावर दोन्ही भाऊ एकाच थांब्यावर झेपावले होते. थोरल्याच्या गाडीने धाकट्याच्या गाडीचा आरसा उडवला. काचा आत आल्या, एका बाईच्या मांडीवर पडल्या. बाईला काही झालं नाही. त्या दिवशी धाकट्याने जेवायला घेतलं आणि त्याच्या हातातला चमचा ताटावर वाजत राहिला. त्याने तो खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. चिमीला वाटलं बाबा खेळतोय. तीही चमचा वाजवू लागली. दोघांपैकी एकाही भावाने तो विषय पुन्हा काढला नाही. आरसा नवा बसवला, एवढंच.

नवी पद्धत आली तेव्हा या गाडीत बसलेल्यांपैकी सगळ्यात जास्त सुटल्यासारखं कुणाला वाटलं असेल तर ते तिला. आणि आज सगळ्यात गप्प तीच होती.

"दादा, तुझं नेमकं दुखणं काय?" ताई म्हणाली. "तुझे आकडे मला बघता येत नाहीत, घरचा मार्ग म्हणून मला यातून बाजूला ठेवलंय. पण धाकटा म्हणतो तुझे पैसे कापले जातात."

"जातात."

"का?"

"उशीर होतो."

"आणि याला होत नाही. रस्ता तोच, गाडी तशीच."

"दादा प्रत्येक थांब्यावर पाहुणचार करतो," धाकटा म्हणाला. "या बसा, पिशवी द्या इकडे, आजींना आधी येऊ द्या. एखादा लांबून पळत येताना दिसला तरी याचा पाय ब्रेकवर. गुरुवारी तर इतका उशिरा पोचला की स्टँडवरच्या साहेबांनी मला विचारलं, तुझा भाऊ गाडी चालवतो की लग्नाला आलेल्यांना मांडवात बसवतो?"

आप्पासुद्धा हसले. ताई हसली.

थोरला हसला नाही. त्याने डोक्यावरच्या आरशात पाहिलं. त्या आरशातून त्याला मागची लांब सीट दिसत होती, आणि त्या सीटवरून धाकटी सरळ त्याच्याकडेच बघत होती.

एक वाक्य पुरलं असतं. गुरुवारी मला उशीर का झाला ते हिला विचारा. ते वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं, आणि तेवढ्यावर तो ही बैठक जिंकला असता. पण तिने गाडीत चढताना, पोर खांद्यावर टाकून, धापा टाकत म्हटलं होतं, "भाऊजी, घरी बोलू नका हं." आणि तो "बरं" म्हणाला होता. धाकट्यावर त्याचा राग होता. पण वळणावर आरसा त्यानेच उडवला होता, आणि धाकट्याने एका शब्दाने कधी त्याला विचारलं नव्हतं.

"होतो उशीर," तो म्हणाला. "माझी सवय जुनी आहे. माणूस दिसला की पाय आपोआप जातो."

"मग सवय बदल," ताई म्हणाली.

"बघू."

धाकटीला वाटलं होतं की तो बोलून मोकळा होईल. मग ती रडेल, किंवा चिडेल, आणि जे व्हायचं ते होईल. पण तो मान खाली घालून स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसू लागला. एवढा मोठा माणूस, धाकट्या भावासमोर, बापासमोर, तिच्यासाठी मूर्ख ठरून बसला होता. ती बोलली तर परवाने जातील बाहेरच्या रस्त्यावर, आणि तो चमचा पुन्हा ताटावर वाजेल. नाही बोलली तर?

तिने चिमीला उचलून खांद्यावर घेतलं.

"भाऊजींना गुरुवारी माझ्यामुळे उशीर झाला."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. थोरल्याची सोडून.

"हिला ताप चढला होता. डॉक्टरकडे न्यायला म्हणून मी औषधाच्या दुकानासमोर उभी होते. हिला उलटी झाली. भाऊजींनी गाडी उभी केली, पाणी दिलं, सीट रिकामी करून दिली. वेळ गेला."

"मग हे आधी नाही का सांगायचं?" ताई म्हणाली. "आजारी मूल असेल तर कारण मांडता येतं—"

"ताई, त्यांच्या आधी एक गाडी गेली होती."

धाकटीने चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मी हात केला होता. गाडी कडेला आलीही नाही."

आप्पांनी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. थोरल्याच्या पुढे मार्गावर कोण असतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

धाकटा उभा राहिला होता. उभा राहून काय करायचं ते त्याला सुचलं नव्हतं. वरची दांडी धरून तो प्रवाशासारखा उभा होता.

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा पळवायला लागला असता."

"मला कळलं नाही तू आहेस."

"ते मला माहीत आहे."

"एक बाई दिसली होती," तो सावकाश म्हणाला. "लेकरू घेऊन. दिसली होती मला, नाही असं नाही. आधीच्या सिग्नलला अडकलो होतो. समोरच्या यंत्रावर उशिराचे लाल आकडे यायला लागले होते. वाटलं, मागून दादा येतोच आहे, घेईल तिला." तो थांबला. "घेतलंस तू."

"घेतलं," थोरला म्हणाला. "आणि तुला शाबासकी मिळाली."

बोलून झाल्यावर त्यालाच ते लागलं असावं. त्याने पुन्हा धूळ पुसायला घेतली.

"बघा!" आप्पांचा आवाज चढला. "मी काय सांगत होतो? माझ्या वेळी ही पोर थांब्यावर राहिली असती का? तीन गाड्या धावत आल्या असत्या उचलायला!"

"आल्या असत्या, आप्पा," धाकटी म्हणाली. ती कधी आप्पांच्या बोलण्यात बोलत नसे. "तीन गाड्या धावत आल्या असत्या आणि मी मध्ये उभी असते. हिला घेऊन."

"आणि शाळेची पोरं?" ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "त्यांच्यासाठी कुठे थांबत होतात?"

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. ती हे कधी बोलेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती ज्या खिडकीतून बघायची ती खिडकी आता त्यांच्या समोरच होती.

"तुझ्यासाठी थांबायचो," ते म्हणाले.

"हो. माझ्यासाठी."

ताईने डब्याची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "आमच्याकडे हे येणारच नव्हतं," ती म्हणाली, कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "जो चढला त्याचं तिकीट असतं. जो चढलाच नाही त्याचं काहीच नसतं. आमच्या हिशोबी गुरुवारी त्या थांब्यावर कुणी नव्हतं. गाडी वेळेवर गेली, रस्ता मोकळा, सगळं छान."

"मग तुझे नियम बदल," थोरला म्हणाला. पण त्यात टोमणा नव्हता.

"मला या मार्गाबद्दल तोंड उघडता येत नाही, दादा. पुढच्या आठवड्यात प्रवाशांचं ऐकून घ्यायला बैठक आहे. मालक येतील, ड्रायव्हर येतील. प्रवासी कुणी येत नाही. ज्याला गाडी मिळाली त्याला तक्रार नसते, आणि ज्याला मिळाली नाही तो तेव्हाही कुठेतरी गाडीची वाट बघत असतो." ती मागे वळली. "तू येशील?"

"मी?" धाकटी म्हणाली.

"माणसं घेण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे कापायचे नाहीत, आणि माणसं सोडली तर कापायचे. एवढंच सांगायचं. ऐकतीलच असं नाही. पण कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं की मी तिथे होते."

कॉलेजात असताना धाकटीने एकदा व्यासपीठावर जाऊन तोंडातून शब्द न काढता परत येऊन दाखवलं होतं. ते तिला आता आठवलं.

"गाडी कोणती, ते विचारतील?"

ताईने मान हलवली. "विचारतील. नंबर, दिवस, सगळं. त्याच्या नावावर शेरा लागेल. पैसेही कापतील कदाचित."

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून दांडी धरून उभा होता.

"सांग," तो म्हणाला. "नंबर पाठ आहे ना?"

"आहे."

"मग सांग."

थोरला ड्रायव्हरच्या जागेवरून उठला. मधल्या वाटेने चालत मागे आला आणि लांब सीटवर, धाकटीपासून जरा अंतर ठेवून, खिडकीकडच्या कोपऱ्यात बसला. त्या सीटवर तो आजवर कधी बसला नव्हता.

"आप्पा, सह्या करून टाका," तिथूनच म्हणाला. "मला पुन्हा त्या वळणावर याच्याशी शर्यत नको."

"तुझे पैसे कापतायत ना रे?"

"कापू देत. हिची बैठक होईपर्यंत. मग बघू कुणाचे कापतात ते."

आप्पा आपल्या बोटांकडे बघत बसले. एवढी वर्षं त्यांनी ती रस्त्यावर उंच धरली होती. मग खिशात हात घालून त्यांनी चष्मा काढला. "पेन आणा," ते म्हणाले. "आणि माझी खुर्ची कुणी उचलून ठेवली? दुकानासमोर जाऊन बसतो उद्यापासून. बोटं दाखवायला नाही. नुसता बघत बसेन. मी बसलेला दिसल्यावर कोण न थांबता जातो ते बघू."

ताईने खटका ढकलून दार उघडलं. आप्पांना हाताला धरून तिने आधी उतरवलं, मग स्वतः उतरली. थोरला त्यांच्या मागोमाग गेला.

धाकटी चिमीला घेऊन निघाली तशी धाकटा म्हणाला, "थोडी थांब. फाटकापाशी जाऊन उभी राहतेस?"

"कशाला?"

"तशीच, त्या दिवशीसारखी."

तिला वाटलं विचारावं, मग तिने विचारलं नाही. उतरून फाटकापाशी गेली. चिमी जागी झाली होती आणि डोळे चोळत होती. धाकट्याने आतून दार लावलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसून सीट पुढे घेतली. समोरचं यंत्र बंद होतं. काचेवर उन्हाचा पट्टा होता, तो वायपरने जाणार नव्हता, म्हणून त्याने मान जराशी वाकवली.

"कुठला हात केला होतास?" त्याने खिडकीतून विचारलं.

"डावा. उजव्यावर ही होती."

"कर ना."

तिने डावा हात वर केला. फार वर गेला नाही. पोरीच्या वजनाने खांदा एका बाजूला झुकला होता, पायाशी फाटकाची सावली होती, आणि चेहऱ्यावर केस आले होते ते बाजूला करायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता.

त्याने इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून तो बघत राहिला. तिचा हात दुखायला लागला. तिने तो खाली घेतला नाही.

मग गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला.